जुन्नर–लेण्याद्री अभ्याससहल

जुन्नर–लेण्याद्री अभ्याससहल म्हणजे पुणे जिल्ह्यातील जुन्नर हे प्राचीन बाजारनगर आणि त्याच्या सभोवतालच्या डोंगरांत कोरलेले बौद्ध विहार मार्गदर्शकासह एका दिवसात पाहण्याची सहल होय. शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाचे विद्यार्थी, लेणी-अभ्यासक, गिरिभ्रमण करणारे गट आणि सामान्य पर्यटक अशा सहली काढतात. जुन्नर पुण्याच्या उत्तरेस सुमारे ९५ किमी अंतरावर कुकडी नदीच्या खोऱ्यात वसले आहे. पुणे–नाशिक महामार्गावरील नारायणगाव येथून पश्चिमेकडे वळणारा रस्ता जुन्नरला जातो.

जुन्नरच्या आसपास लहानमोठी मिळून दोनशेच्या आसपास कोरीव लेणी आहेत. एकाच गावाभोवतीचा महाराष्ट्रातील हा सर्वांत मोठा लेणीसमूह मानला जातो. लेण्यांचा काळ साधारणपणे इ.स.पू. पहिले शतक ते इ.स. तिसरे शतक असा आहे. ही लेणी, नाणेघाटातील व्यापारी मार्ग आणि जुन्नरची बाजारपेठ ही तिन्ही स्थळे परस्परांशी जोडलेली होती. त्यांपैकी एकच स्थळ पाहिल्यास त्याचा अर्थ अपुरा राहतो, हे या सहलीचे मुख्य सूत्र आहे.

भौगोलिक स्थान

सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या प्राचीन वाटांपैकी नाणेघाट ही एक प्रमुख वाट आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने दख्खनच्या पठारावर येई. घाट चढून आल्यावर कुकडीच्या खोऱ्यातील पहिले मोठे नगर जुन्नर होते. तेथून पुढे पैठण, तेर अशा नगरांकडे वाटा जात. या मार्गावर शिवनेरी, चावंड, हडसर आणि जीवधन हे किल्ले आहेत. त्यांच्या जागा पाहिल्या तरी वाटेवर नजर ठेवण्याची गरज किती जुनी आहे, हे लक्षात येते.

‘जुन्नर’ हे नाव ‘जीर्णनगर’ या शब्दापासून आले असावे, असे सामान्यतः मानतात. नगराच्या पश्चिमेस शिवनेरी, दक्षिणेस मानमोडीचा डोंगर, उत्तरेस नदीपलीकडे लेण्याद्री आणि पश्चिमेस काही अंतरावर तुळजा लेणी आहेत. लेण्यांचे प्रमुख गट नगरापासून थोड्या तासांच्या पायी अंतरात आहेत. भिक्षूंना भिक्षेसाठी गावात येणे आणि गावकऱ्यांना विहारात जाणे त्यामुळे शक्य होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

नाणेघाटातील लेण्यात ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक मोठा लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. लेखात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांचा उल्लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची मोजदादही त्यात आहे. या लेखातील अंकचिन्हे भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत गणली जातात. मात्र त्या पद्धतीत स्थानिक किंमत नव्हती, दहा, शंभर, हजार यांसाठी स्वतंत्र चिन्हे वापरत. याच लेण्यात राजकुटुंबातील व्यक्तींचे पुतळे होते. आज फक्त पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे उरली आहेत. त्यांत सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी यांची नावे वाचता येतात.

घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत असत, असे परंपरेने सांगितले जाते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारासाठी सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांच्यात दीर्घ संघर्ष झाला. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक भाषेतील प्रवासपुस्तिकेत कल्याण बंदरावरील निर्बंधांचा आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात असल्याचा उल्लेख आहे. त्या काळी जुन्नर काही वर्षे क्षत्रप नहपानाच्या अमलाखाली होते. मानमोडी डोंगरातील एका लेखात ४६ व्या वर्षी नहपानाचा अमात्य अयम याने पाण्याचे टाके आणि मंडप दान दिल्याची नोंद आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यात नहपानाच्या हजारो नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला दिसतो. सत्ता बदलली तरी जुन्नरच्या विहारांना दान मिळत राहिले.

लेण्यांची रचना

जुन्नरची लेणी बेसॉल्ट खडकात कोरलेली आहेत. त्यांचे मुख्य प्रकार दोन. चैत्यगृह म्हणजे स्तूप असलेले उपासनेचे दालन. विहार म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान. त्यात मधोमध मंडप आणि भिंतींना लागून लहान खोल्या असतात. खोलीत झोपण्यासाठी दगडी ओटा असतो. दाराच्या चौकटीत लाकडी दरवाजा बसवण्याच्या खाचाही अनेक ठिकाणी दिसतात.

बौद्ध भिक्षू वर्षातील बराच काळ फिरतीवर असत. पावसाळ्यात मात्र त्यांनी एका जागी राहावे, असा नियम होता. या मुक्कामास वर्षावास म्हणतात. सह्याद्रीतील मुसळधार पावसात कोरडी जागा आणि उरलेल्या वर्षासाठी साठवलेले पाणी या दोन गरजांतून लेणे आणि त्याशेजारचे टाके अशी जोडी निर्माण झाली. त्यामुळे जुन्नरच्या दानलेखांत खोल्यांबरोबर टाक्यांचाही वारंवार उल्लेख येतो.

बहुतेक लेणी बुद्धमूर्ती घडवण्याची प्रथा रूढ होण्यापूर्वीच्या परंपरेतील आहेत. त्यांत बुद्धाची उपस्थिती स्तूपाच्या रूपाने दाखवलेली असते. अजिंठा किंवा वेरूळ पाहून आलेल्या विद्यार्थ्यास येथील भिंती मोकळ्या वाटतात. हा मोकळेपणा लेण्यांच्या काळाची खूण आहे.

दानलेख आणि विहारांचे अर्थकारण

जुन्नर परिसरात तीसहून अधिक ब्राह्मी लेख आढळले आहेत. बहुतेक लेख एक-दोन ओळींचे आहेत. दात्याचे नाव, वडिलांचे नाव, गाव किंवा व्यवसाय आणि दिलेली वस्तू एवढीच माहिती त्यांत असते. तरीही विहार कोणाच्या पैशाने उभे राहिले, हे सांगणारा हाच थेट पुरावा आहे.

लेखांतील काही शब्द मराठी वाचकास परिचित वाटतात. ‘लेण’ म्हणजे कोरलेले निवासस्थान. मराठीतील ‘लेणे’ हा शब्द त्याच परंपरेतील आहे. ‘पोढि’ म्हणजे पाण्याचे टाके, ‘चेतियघर’ म्हणजे चैत्यगृह, ‘मटप’ म्हणजे मंडप आणि ‘देयधम’ म्हणजे धर्मदान.

दात्यांमध्ये पुढील प्रकार दिसतात.

व्यापारी व नागरिक: लेण्याद्रीचे मुख्य चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने दिल्याचे तेथील लेखात म्हटले आहे. ‘हेरणिक’ या शब्दाचा अर्थ सोनार किंवा खजिनदार असा घेतात. कोकणातील बंदराच्या माणसाने घाटावर दिलेले हे दान व्यापारी मार्गाचा पुरावाच आहे.

यवन: तीन लेखांत दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. इरिल याने दोन टाकी, चिट याने संघासाठी भोजनमंडप आणि चंद याने चैत्यगृहाचा दर्शनी भाग दिला. ‘यवन’ हा शब्द तेव्हा ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या लोकांसाठी वापरत. हे दाते बौद्ध संघाला दान देतात आणि लेख प्राकृतात कोरवतात, यावरून ते येथील समाजात मिसळले होते असे दिसते.

श्रेणी: श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांचा संघ. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवल्याची नोंद आहे. काही लेखांत करंज, वड अशा झाडांच्या लागवडीसाठी शेतजमीन दिल्याचे म्हटले आहे.

श्रेणीकडे रक्कम ठेवण्याची पद्धत कशी चाले, हे जुन्नरच्या त्रोटक लेखांतून पुरते कळत नाही. नाशिकच्या पांडवलेणीतील लेख मात्र ते स्पष्ट करतो. नहपानाचा जावई उषवदात याने तेथे विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. त्यांपैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक असे व्याज ठरले. महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४० कार्षापण होतात. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी व्यवस्था त्यातून केली होती. वीस गुणिले बारा म्हणजे नेमके २४०. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्च करायचे, अशा ठेवीस ‘अक्षयनीवी’ म्हणत. श्रेणीला व्यवसायासाठी भांडवल आणि विहाराला नियमित उत्पन्न मिळे. बाजारपेठ बुडाली तर विहाराचे उत्पन्नही बुडणार, हे या व्यवस्थेतच अंतर्भूत होते.

संसार सोडलेल्या भिक्षूंचे निवासस्थान एकांतात असावे, अशी सर्वसाधारण कल्पना असते. जुन्नरचे दानलेख वेगळे चित्र उभे करतात. येथील विहार बाजारपेठेच्या नजरेच्या टप्प्यात होते आणि तिच्या उत्पन्नाशी जोडलेले होते.

सहलीतील प्रमुख स्थळे

लेण्याद्री

जुन्नरच्या उत्तरेस सुमारे ५ किमीवर, कुकडी नदीपलीकडे लेण्याद्री आहे. डोंगराच्या दक्षिणाभिमुख कड्यात सुमारे तीस लेणी एका रांगेत कोरली आहेत. पायथ्यापासून सुमारे तीनशे दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. पायऱ्यांवर ऊन येत असल्याने हे स्थळ सकाळी पाहणे सोयीचे ठरते.

लेणे क्रमांक ६ हे मुख्य चैत्यगृह आहे. त्यात दोन्ही बाजूंस स्तंभांच्या रांगा असून स्तंभशीर्षांवर हत्ती, सिंह, बैल अशा प्राण्यांच्या आकृती आहेत. छताला लाकडी तुळयांसारख्या दगडी फासळ्या आहेत. त्या छताचा भार पेलत नाहीत. लाकडी बांधकामाची सवय दगडात उतरवल्याचे ते उदाहरण आहे.

लेणे क्रमांक ७ हा गटातील सर्वांत मोठा विहार आहे. मंडपाच्या तीन बाजूंस वीस खोल्या असून इतक्या रुंद मंडपाला मध्ये एकही खांब नाही. मागील भिंतीच्या मधल्या भागात पुढील काळात गिरिजात्मज गणपतीची स्थापना झाली. अष्टविनायकांपैकी डोंगरावर असलेले हे एकमेव स्थान आहे. त्यामुळे लेण्याद्रीस येणाऱ्यांत भाविकांची संख्या मोठी असते. भिक्षूंचे निवासस्थान आणि गणेशाचे मंदिर हे या एकाच वास्तूच्या इतिहासाचे दोन टप्पे आहेत. दोन्ही टप्पे सांगितले तरच वास्तूचे वर्णन पूर्ण होते.

जुन्नर शहर

दुपारच्या सुमारास शहर पाहिले जाते. प्राचीन वस्तीचे थर आजच्या घरांखाली दबलेले असल्याने शहरात मुख्यतः मध्ययुगीन अवशेष दिसतात. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाहीची स्थापना केली, तेव्हा जुन्नर हे त्याचे प्रमुख ठाणे होते. पुढे त्याने अहमदनगर वसवून राजधानी तेथे नेली. १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नरवर छापा घातला. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर जुन्नरला आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात या भागाचे वर्णन आढळते. हाताने तयार केलेल्या जुन्नरी कागदासाठीही हे गाव प्रसिद्ध होते.

मानमोडी

शहराच्या दक्षिणेकडील मानमोडी डोंगरात भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे तीन गट आहेत. भूतलिंग गटातील चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीत कमळाच्या पाकळ्यांत गजलक्ष्मीचे शिल्प कोरले आहे. यवन चंदाचा लेख याच दर्शनी भागावर आहे.

अंबा-अंबिका गटातील चैत्यगृह अपूर्ण राहिले आहे. त्यामुळे ते अभ्यासकांना विशेष उपयोगी पडते. काम छताकडून खाली कसे करत आणत, हे अपूर्ण लेण्यातच उघडपणे दिसते. या गटात पुढील काळातील जैन मूर्तीही आहेत. अंबिका हे नाव त्यांतील देवीवरून पडले.

तुळजा लेणी

शहराच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर तुळजा लेणी आहेत. येथील एका चैत्यगृहाची आखणी वर्तुळाकार आहे. मध्ये स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी स्तंभ आणि वर घुमटाकार छत अशी ही रचना भारतात मोजक्याच ठिकाणी दिसते. हा गट जुन्नरमधील सर्वांत जुन्या लेण्यांपैकी मानला जातो. पुढे येथे तुळजा देवीची स्थापना झाल्याने लेण्यांना हे नाव मिळाले.

शिवनेरी आणि नाणेघाट

शिवनेरी किल्ला छत्रपती शिवाजी महाराजांचे जन्मस्थान (१९ फेब्रुवारी १६३०) म्हणून सर्वपरिचित आहे. किल्ल्याच्या कड्यांतही बौद्ध लेणी कोरलेली आहेत आणि शिवाई देवीचे स्थान लेण्यातच आहे. किल्ल्याला उपयोगी पडलेल्या जलव्यवस्थेकडे पाहताना टाकी कोरण्याची परंपरा या डोंगरात किल्ल्यापेक्षा कितीतरी जुनी आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

नाणेघाट जुन्नरपासून सुमारे ३० ते ३५ किमी दूर आहे. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि नाणेघाट एकाच दिवसात नीट पाहून होत नाहीत. त्यामुळे शिवनेरी किंवा नाणेघाट यांपैकी एकाची निवड करावी लागते. व्यापार आणि विहार यांचा संबंध समजून घेणे हा हेतू असल्यास दिवसाचा शेवट नाणेघाटात करणे योग्य ठरते. माथ्यावरून खाली कोकण दिसते आणि सुलसदताचे कल्याण कोणत्या दिशेला होते, हे तेथे उभे राहिल्यावर समजते.

मार्गदर्शकाची भूमिका

जुन्नरच्या लेण्यांत माहिती डोळ्यांसमोर असूनही ती सहज वाचता येत नाही. ब्राह्मी अक्षरे झिजलेली आहेत आणि अनेक लेख अंधारात किंवा उंचावर आहेत. पुरेसा अभ्यास नसल्यास ‘ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली’ अशी लोककथाच इतिहास म्हणून सांगितली जाते. लोककथेलाही स्वतःचे मूल्य आहे. विहारांचा वापर थांबल्यानंतर त्यांच्या निर्मात्यांची आठवण लोप पावली आणि रिकाम्या दालनांचा अर्थ लोकांनी आपल्या परीने लावला, असे तिच्यावरून दिसते. कथा आणि पुरावा यांतील फरक सांगणे हे मार्गदर्शकाचे काम आहे. तो न सांगितल्यास धान्यव्यापारी, बांबूकाम करणारे कारागीर आणि परदेशातून येऊन स्थिरावलेले दाते यांची नावे दगडावर असूनही विस्मरणात जातात.

वर्गातील अभ्यासासाठी एक उपयुक्त पद्धत अशी की, प्रत्येक विद्यार्थ्याने एका दानलेखाची नोंद करावी: दाता कोण, कोठला, काय दिले आणि ते लेणे शहरापासून किती दूर आहे. सर्व नोंदी एकत्र नकाशावर मांडल्या की विहार, बाजार आणि घाट यांचे परस्परसंबंध दिसू लागतात.

प्रवास आणि खबरदारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सहलीस सोयीचा असतो. पावसाळ्यात नाणेघाट परिसर हिरवागार असतो. परंतु पायऱ्या आणि कडे निसरडे होतात, तसेच धुक्यामुळे लेख दिसत नाहीत. लेण्याद्रीखेरीज इतर गटांकडे जाणाऱ्या वाटा कमी वावराच्या असल्याने स्थानिक वाटाड्या सोबत असावा. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तेथे धूर करणे, उग्र अत्तर लावणे आणि आरडाओरडा करणे धोक्याचे असते. जुन्नर तालुक्यातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे. माणिकडोह येथे बिबट निवारण केंद्रही आहे. त्यामुळे आडवाटेच्या लेण्यांतून अंधार पडण्यापूर्वी परतावे.

जतन

लेण्याद्रीसह येथील प्रमुख लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची हानी करणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. पर्यटकांची संख्या वाढली की स्थानिकांना रोजगार मिळतो, त्याचबरोबर लेण्यांवरील ताणही वाढतो.

सर्वाधिक धोका लेखांना आहे. पाण्याच्या पाझराने आणि वाऱ्याने अक्षरे झिजतात. त्यांवर खडू किंवा पाणी लावून ती उठावदार करण्याचा प्रयत्न, भिंतीवर नाव कोरणे आणि अक्षरांना सतत हात लावणे यांमुळे झीज वेगाने होते. एका ओळीच्या लेखातील दोन अक्षरे गेली तरी दात्याचे नाव किंवा गाव कायमचे नाहीसे होऊ शकते. जुन्नरच्या व्यापाऱ्यांची आणि श्रेणींची हिशेबाची कागदपत्रे उरलेली नाहीत. त्यांच्याविषयी या ओळीच काय ते सांगतात. तिरप्या प्रकाशात अक्षरांना स्पर्श न करता घेतलेले छायाचित्र अभ्यासासाठी पुरेसे असते.